वहिवाटीला चेहरा देणारा नट : केशवराव दाते

संध्याकाळी घरोघर दूरचित्रवाणी संच सुरू होतो आणि मालिकांमधली माणसे दिवाणखान्यात येऊन बसतात. नायक-नायिका कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण करारी सासरा, गावचा पाटील, घरावर हुकूमत गाजवणारा काका, मठातला महाराज ही कामे करणाऱ्या नटाचे नाव विचारले तर सहसा कोणाला सांगता येत नाही. चेहरा ओळखीचा, नाव अनोळखी. यालाच चरित्र अभिनेता म्हणतात. नायक स्वप्न दाखवतो, तर चरित्र अभिनेता समाज दाखवतो. समाजात सत्ता कोणाच्या हातात आहे, ती कशी बोलते, कशी बसते-उठते, कोणाच्या पाया पडते आणि कोणाला पायाखाली तुडवते, हे पाहायचे असेल तर नायकाकडे नव्हे, या माणसाकडे पाहावे लागते.

मराठीत ही परंपरा ज्यांनी उभी केली त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील अडिवरे गावी जन्मलेल्या केशवराव दाते यांचे नाव वरचे आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दाते त्याआधीच, १९७१ मध्ये गेले. छोटा पडदा त्यांच्या वाट्याला आला नाही. परंतु आज छोट्या पडद्यावर जो कर्ता पुरुष दिसतो, त्याचा मूळपुरुष शोधत गेलो तर आपण ‘कुंकू’ मधल्या काकासाहेबांपाशी येऊन पोहोचतो.

आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने दाते यांची आठवण का ठेवायची, असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. दाते चळवळीतले नव्हते. कोकणातल्या ब्राह्मण घरात जन्मलेले, पुण्या-मुंबईच्या नाटक मंडळ्यांत वाढलेले ते नट होते. त्यांच्यावर पुरोगामित्वाचा शिक्का मारण्याचा येथे हेतू नाही. नटाने केलेले काम हे त्याच्या हेतूपेक्षा मोठे असू शकते. दाते यांनी धर्मसत्तेचा आणि पुरुषसत्तेचा चेहरा पडद्यावर आणला, आणि तो राक्षसाचा चेहरा नव्हता. तो चांगल्या घरातल्या, चांगल्या माणसाचा चेहरा होता. ही गोष्ट आपल्या विचाराच्या फार जवळची आहे. ती कशी, हे त्यांच्या आयुष्याच्या क्रमानेच पाहू.

दाते यांचा जन्म १८८९ चा. त्यांचे गाव अडिवरे हे राजापूर तालुक्यातले, महाकालीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध असलेले. त्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला मंडणगड तालुक्यात आंबडवे आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये महूच्या लष्करी छावणीत झाला. म्हणजे हे दोघे दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेले, एकाच जिल्ह्याशी नाळ जोडलेले. याच जिल्ह्यातील दापोलीत राहून गोपाळबुवा वलंगकरांनी दाते यांच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १८८८ मध्ये, ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेला जाहीर आव्हान दिले होते.

जिल्हा एक, काळ एक, पण वाटा दोन. कोकणची जमीन तुटपुंजी आणि जमिनीवर खोतांचा कब्जा. त्यामुळे कोकणी माणूस पोटासाठी बाहेर पडला. महार समाजातली माणसे लष्करात गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लष्कराचे दार बंद झाल्यावर गोदीत, गिरणीत, रेल्वेत गेली. उच्चवर्णीय तरुण शाळांत, कचेऱ्यांत आणि नाटक मंडळ्यांत गेले. कला ज्याच्या अंगात आहे त्याच्यासाठी रंगभूमी मोकळी असते, हे बोलायला ठीक आहे. कोकणात नमन, जाखडी, दशावतार यांत गावोगावचे कलावंत रात्री जागवत होते. परंतु तिकीट लावून नाटके करणाऱ्या नामांकित मंडळ्यांचे दार त्या काळी सर्वांना सारखे उघडे नव्हते. दाते यांच्या गुणांचे मोल कमी न करता ही गोष्ट नोंदवली पाहिजे.

दाते १९०७ च्या सुमारास महाराष्ट्र नाटक मंडळीत दाखल झाले. गाण्यांचा सुकाळ असलेल्या त्या काळात ही मंडळी गद्य नाटकांसाठी ओळखली जात होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ याच मंडळीने त्याच सुमारास रंगभूमीवर आणले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकाला न सांगता कळत असे, आणि म्हणून सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. स्त्रियांनी रंगभूमीवर उभे राहायचे नाही असा दंडक होता, त्यामुळे स्त्रियांची कामेही पुरुषच करीत. तरुण दाते यांनीही सुरुवातीला स्त्रीभूमिका केल्या. पुढे ज्या नटाने बाईवर हक्क सांगणाऱ्या पुरुषाची भूमिका अजरामर केली, त्याने अभिनयाचे पहिले धडे लुगडे नेसून गिरवले होते, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

गद्य नाटकात नटाला गाण्याचा आसरा नसतो. तान मारून टाळी घेता येत नाही. शब्द, नजर आणि थांबणे एवढेच भांडवल. दाते यांचा अभिनय या शाळेत घडला. १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणले, त्या प्रयोगाशीही दाते यांचे नाव जोडलेले आहे. श्री. वि. वर्तकांनी नॉर्वेच्या ब्यर्नसन या नाटककाराच्या कृतीवरून ते लिहिले होते. लग्नाआधीच्या चारित्र्याची अपेक्षा फक्त मुलीकडूनच का, हा त्याचा प्रश्न होता. या नाटकात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. लांबलचक भाषणे, डोळे गरगरा फिरवणे, प्रेक्षकांकडे तोंड करून गर्जना करणे हे सगळे सोडून माणसासारखे बोलायचे, असा तो प्रयत्न होता. बोलपटाला नेमका असाच अभिनय हवा होता, आणि बोलपट तेव्हा दारात येऊन उभा होता.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली. पुण्यातला तिचा पहिला बोलपट म्हणजे व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अमृतमंथन’, १९३४ चा. तो मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला. कथा अवंती नगरीची. राजा क्रांतिवर्मा देवीपुढे होणारे नरबळी आणि पशुबळी बंद करतो. राजगुरू खवळतो. धर्मावर घाला आला म्हणून तो राजाच्या खुनाचा कट रचतो. हिंदीत हा राजगुरू चंद्रमोहनने केला आणि त्याचे डोळे देशभर गाजले. मराठीत तो केशवराव दाते यांनी केला.

वर्ष लक्षात घ्या. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला होता आणि १९३४ मध्ये तो अजून मिटलेला नव्हता. देवळाच्या दाराशी उभा राहून पुरोहितवर्ग शास्त्राचा आधार सांगत होता. अशा वेळी पडद्यावर एक राजगुरू दिसतो, जो पैशासाठी नव्हे, गादीसाठीही नव्हे, तर आपल्या श्रद्धेसाठी खून करवतो. शेवटी हाच राजगुरू देवीपुढे स्वतःचे मस्तक अर्पण करतो. म्हणजे तो ढोंगी नाही. तो जे सांगतो त्यावर त्याचा खरोखर विश्वास आहे, आणि तो भयंकर आहे ते त्यामुळेच. ढोंगी माणसाला उघडे पाडता येते. श्रद्धावान माणसाला उघडे पाडण्यासारखे काही नसते, त्याची श्रद्धाच तपासावी लागते.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या आपल्या न झालेल्या भाषणात हीच गोष्ट सांगितली. लोक जात पाळतात ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, तर ते धार्मिक आहेत म्हणून. तेव्हा दोष माणसात शोधू नका, जी शास्त्रे त्याला असे वागायला शिकवतात त्यांच्या पावित्र्यावर घाव घाला, असा त्या विवेचनाचा गाभा आहे. ‘अमृतमंथन’ काढणाऱ्यांच्या मनात बाबासाहेबांचा विचार होता असे म्हणण्याचे कारण नाही. त्यातले बळी देवीपुढचे आहेत, गावकुसाबाहेरचे नाहीत. पण राजगुरू नावाची जी वृत्ती आहे तिचे चित्र त्या बोलपटाने मराठी प्रेक्षकांपुढे ठेवले, आणि ते ठेवणारा नट स्वतः ब्राह्मण घरातून आलेला होता.

यानंतर १९३७ आले आणि ‘कुंकू’ आला. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. हिंदीत तो ‘दुनिया न माने’ या नावाने निघाला. दोन्ही भाषांत काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांनी केली आणि नीरा झाल्या शांता आपटे. नीरा मामाच्या घरी वाढलेली पोरकी मुलगी. मामा पैशाच्या लोभाने तिला फसवून एका विधुराच्या गळ्यात बांधतो. हा विधुर म्हणजे काकासाहेब, व्यवसायाने वकील, घरात वयात आलेली मुले. लग्न झाल्यावर नीरा सांगते की हे लग्न मला मान्य नाही, आणि ती नवऱ्याला आपल्या अंगाला हात लावू देत नाही. घरातली म्हातारी बाई छळते, सावत्र मुलगा वाकड्या नजरेने पाहतो तेव्हा ती त्याला छडीने बडवते, पण माघार घेत नाही. बोलपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे आहेत. त्या शांततेत घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि म्हाताऱ्या नवऱ्याचे वय मोजत राहते.

जरठ-बाला विवाहाचा विषय मराठीला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्येच आले होते. पण दोन्हींतला फरक पाहा. ‘शारदा’ मधला म्हातारा भुजंगनाथ हसण्याचा विषय आहे. प्रेक्षक त्याला हसून मोकळे होतात, आणि आपण त्याच्यासारखे नाही असे समाधान मानून घरी जातात. शिवाय तिथे लग्न मोडते ते वधू-वर सगोत्र निघाल्यामुळे. शास्त्राच्या तडाख्यातून मुलीला सोडवायलाही शास्त्राचाच आधार. मुलीच्या नकाराला तिथे किंमत नाही. ‘कुंकू’ मध्ये लग्न लागून गेलेले आहे. कोणतेही शास्त्र नीरेच्या बाजूने उभे नाही. तिच्याजवळ आहे तो फक्त तिचा नकार.

आणि समोर भुजंगनाथ नाही, काकासाहेब आहेत. येथे दाते यांची खरी कर्तबगारी दिसते. त्यांनी काकासाहेबांना विदूषक केले नाही आणि राक्षसही केले नाही. हा माणूस सुशिक्षित आहे, समाजात त्याला मान आहे, तो कोणाला मारझोड करणारा नाही. आरशात पाहून मिशा काळ्या करताना त्याची कीव येते. त्याने गुन्हा कोणता केला? कायद्याने विचाराल तर कोणताच नाही. त्याने वहिवाटीप्रमाणे लग्न केले. बायको मेली की पुरुषाने दुसरी करायची, वय बघायचे नाही, पोरीला विचारायचे नाही, ही वहिवाट होती. तो वकील आहे, हक्काची भाषा त्याला पाठ आहे. दाते आपल्या चेहऱ्यावर दाखवतात ते हे की, हक्क कायद्याने मिळाला तरी माणूस मिळत नाही, आणि हे कळायला त्या वकिलाला फार वेळ लागतो. प्रेक्षकातला जो पुरुष भुजंगनाथाला हसून सुटला होता, तो काकासाहेबांपुढे सुटत नाही. त्याला आपला बाप दिसतो, आपला काका दिसतो, कदाचित आपण स्वतः दिसतो.

वहिवाट हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. १९३७ मध्येच, १७ सप्टेंबर रोजी, बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. हा प्रश्न मुख्यतः रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांचा, म्हणजे दाते यांच्याच मुलुखाचा होता. कुळाने राबायचे आणि खोताने न्यायचे, कुळाने वेठ करायची आणि खोताने पालखीत बसायचे, याला आधार काय, तर पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट. पुढे १० जानेवारी १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, त्यात कोकणातली कुळे जात विसरून एकत्र आली. खोती कायद्याने संपायला १९४९ साल उजाडावे लागले. एका बाजूला कुळावरचा खोताचा हक्क, दुसऱ्या बाजूला बायकोवरचा नवऱ्याचा हक्क. दोन्ही वहिवाटीवर उभे, दोन्ही प्रतिष्ठित माणसांच्या हाती. खोत म्हणजे प्रत्येक वेळी क्रूर माणूस असे नव्हते. काही खोत दयाळूही असतील. पण कुळाला दया नको होती, हक्क हवा होता. नीरेलाही नवऱ्याची दया नको होती.

आता ‘कुंकू’ च्या शेवटाकडे येऊ. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो. नीरेला ते मुलीप्रमाणे मानू लागतात, तिने पुन्हा लग्न करावे अशी इच्छा मागे ठेवतात आणि आत्महत्या करतात. अनेकांनी या शेवटाचे वर्णन हृदयद्रावक म्हणून केले आहे. पण काकासाहेबांनी मरायचे का? केवळ पश्चात्ताप झाला म्हणून? याचे उत्तर भावनेत नाही, कायद्यात आहे. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यातल्या नीरेसारख्या बाईला घटस्फोटाचा कायदाच नव्हता. काही जातींत काडीमोडाची रूढी होती. ज्यांना खालच्या म्हणून हिणवले त्या जातींतल्या बायकांना नवरा सोडण्याची मोकळीक होती, आणि उच्चवर्णीय घरातली शिकलेली नीरा मात्र जन्मभरासाठी बांधलेली होती. तिला सोडवायचे तर नवरा मेला पाहिजे. कथाकाराने काकासाहेबांना मारले नाही, हिंदू कायद्याने मारले. तीन भाषणांत जे सांगता येणार नाही ते हा शेवट सांगतो.

ही कोंडी ज्यांनी फोडायला घेतली ते बाबासाहेब. हिंदू कोड बिलासाठी त्यांनी जिवाचे रान केले. त्यात घटस्फोट होता, वारसा होता, एकपत्नीत्व होते. सनातन्यांनी आकांडतांडव केले, सरकारने कच खाल्ली, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागे इतर कारणेही होती, पण या बिलाची झालेली उपेक्षा हे त्यातले मोठे कारण. मुंबई प्रांतात १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा आला आणि देशभरात तो हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मिळाला. आज नवऱ्याशी पटत नाही म्हणून न्यायालयाची पायरी चढणाऱ्या बहिणीला ‘कुंकू’ माहीत नसेल, हिंदू कोड बिलाचा इतिहासही माहीत नसेल. पण आज नीरेची सुटका व्हायला कोणा काकासाहेबांना मरावे लागत नाही, हे त्या लढ्याचे फळ आहे.

‘कुंकू’ मधला आणखी एक धागा आपल्या इतिहासाला येऊन मिळतो. काकासाहेबांच्या विधवा, समाजकार्य करणाऱ्या मुलीची भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली होती. पडद्याबाहेर त्या संततिनियमनाच्या कार्यकर्त्या होत्या. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याबरोबर त्या या कामात होत्या. याच कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या मजकुरावरून १९३४ मध्ये खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आणि १९३८ मध्ये मुंबई कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तो बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांच्याकडून. पडद्यावर वकील काकासाहेब मुलीच्या वयाच्या पोरीवर हक्क सांगत होते, आणि प्रत्यक्षात एक वकील बाईच्या शरीरावर बाईचाच हक्क असावा या विचारासाठी न्यायालयात आणि सभागृहात भांडत होता.

१९४१ मध्ये ‘शेजारी’ आला. विश्राम बेडेकरांची कथा, दिग्दर्शन शांतारामांचे. जिवबा पाटील आणि मिर्झा हे दोन शेजारी, बुद्धिबळाच्या डावावर बसणारे जिवलग मित्र. गावात धरण बांधायला आलेला भांडवलदार आपल्या फायद्यासाठी त्यांच्यात वितुष्ट पेरतो. शेवटी धरण फुटते आणि दोघे मित्र एकमेकांचा हात धरून मरतात. मराठीत मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि जिवबा झाले केशवराव दाते. आदल्या वर्षी, मार्च १९४० मध्ये, मुस्लिम लीगचा लाहोर ठराव झाला होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बाबासाहेबांचे पाकिस्तानविषयीचे पुस्तक बाहेर आले होते. देशभर हाच विषय चालू असताना प्रभातने तो गावाच्या ओट्यावर आणला. जिवबा वाईट माणूस नाही. पण संशयाचा एक खडा पडला की हा भला माणूस जिवलग मित्राकडे मित्र म्हणून नव्हे, मुसलमान म्हणून पाहू लागतो. माणसाच्या मनात जमात कशी जागी होते, हे दाते दाखवतात. दंगलीनंतर चांगल्या चांगल्या माणसांच्या तोंडची भाषा कशी बदलते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना जिवबा ओळखू येईल.

शांताराम १९४२ मध्ये प्रभात सोडून मुंबईला आले आणि परळला त्यांनी राजकमल कलामंदिर काढले. दाते यांचेही पुढचे काम मुख्यतः राजकमलमध्ये झाले. १९४४ मध्ये त्यांनी स्वतः ‘भक्तीचा मळा’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. विषय संत सावता माळी, प्रमुख भूमिकेत मास्टर कृष्णराव. आपल्या कष्टातच देव पाहणाऱ्या, पंढरीच्या वारीपेक्षा मळ्यातल्या कामाला मोठे मानणाऱ्या माळी समाजातल्या संताची ही कथा. १९४६ च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ मध्ये ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे वडील झाले. चीनच्या युद्धात जखमींची सेवा करायला गेलेला मुलगा परत येत नाही, त्याचा बाप. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’ या रंगीत चित्रपटात ते नृत्यगुरू मंगल महाराज झाले. पुन्हा तोच मनुष्यस्वभाव. विद्येची परंपरा म्हणजे आपली मालमत्ता, आणि मुलगा त्या परंपरेचा वाहक, असे मानणारा बाप.

राजगुरू, काकासाहेब, जिवबा, मंगल महाराज. हे सगळे बाप आहेत, गुरू आहेत, पाटील आहेत, नवरे आहेत. यातले बहुतेक आपापल्या परीने प्रामाणिकही आहेत. सत्ता त्यांच्या स्वभावात नाही, त्यांच्या जागेत आहे. जागा त्यांना वहिवाटीने मिळाली आहे. वयाची ऐंशी ओलांडून दाते गेले, तोपर्यंत मराठी माणसाने सत्तेचा हा चेहरा निरनिराळ्या पोशाखांत अनेकदा पाहिला होता.

हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या बोलपटांच्या केंद्रस्थानी दलित माणूस नाही. ‘कुंकू’ चे दुःख मध्यमवर्गीय वाड्यातले आहे. ‘शेजारी’ मध्ये हिंदू आणि मुसलमान आहेत, पण गावाच्या तिसऱ्या वस्तीची कथा नाही. प्रभातनेच १९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ काढून एकनाथांच्या कथेतून अस्पृश्यतेला हात घातला, पण तिथेही अस्पृश्य माणूस हा संताच्या दयेचा विषय आहे, स्वतः बोलणारा माणूस नाही. तो माणूस त्याच वर्षांत दुसरीकडे बोलत होता. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव, वस्तीवस्तीत कंदिलाच्या उजेडात उभे राहत होते. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, म्हणून त्यांच्या अभिनयाची फीत आज आपल्याकडे नाही. दाते यांचा चेहरा जपला गेला आणि जलसाकारांचे चेहरे हरवले, यामागेही वहिवाटच आहे.

म्हणून दाते यांच्याकडे दोन्ही डोळ्यांनी पाहावे. एका डोळ्याने त्यांचे काम पाहावे आणि त्याला मनापासून दाद द्यावी. ‘कुंकू’ हा चित्रपट विहारात, वसतिगृहात, महिला मंडळात दाखवावा. त्यानंतर हिंदू कोड बिलावर बोलावे. नुसत्या व्याख्यानाने जे तरुण मुलामुलींच्या डोक्यात शिरत नाही ते काकासाहेबांचा चेहरा पाहिल्यावर शिरेल. दुसऱ्या डोळ्याने चौकटीबाहेर कोण राहिले ते पाहावे.

आज छोट्या पडद्यावर कर्त्या पुरुषाच्या भूमिका पुष्कळ आहेत. पण तो एक तर देव असतो नाही तर खलनायक. देव असला की त्याच्या पाया पडायचे, खलनायक असला की त्याला शिव्या द्यायच्या, आणि दोन्ही वेळी वहिवाट सुखरूप राहते. घरातल्या मुलीचे शिक्षण तोडणारा, सुनेची नोकरी सोडवणारा, आंतरजातीय लग्न करणाऱ्या लेकीशी बोलणे टाकणारा माणूस खलनायकासारखा दिसत नाही. तो देवपूजा करतो, शेजाऱ्याच्या अडचणीला धावतो, आणि कधी कधी आपल्याच वस्तीत राहून बाबासाहेबांच्या जयंतीला वर्गणीही देतो. त्याला ओळखायला शिकणे हे कामाचे आहे. नव्वद वर्षे होत आली, रत्नागिरीच्या एका नटाने आरशासमोर बसून मिशीला कलप लावता लावता तो माणूस आपल्याला दाखवून ठेवला आहे. तो ओळखू आला, तर बदलण्याचे काम निदान सुरू तरी करता येईल.